वहिनी, हळू बोल

वहिनी, काल तुझी तेरवी झाली. जेवणं उरकली, मांडववाला खुर्च्या मोजत बसला, पाहुणे आपापल्या गाडीला लागले, आणि मी आज सकाळच्या एसटीनं बुलढाण्याला परत आले. दार उघडलं, पंखा लावला आणि चपला न काढताच लिहायला बसलेय. तू असतीस तर म्हणाली असतीस, "चपला तं काढ वो मास्तरीणबाई, घर काय पळून चाललं?" काढते. थांब.

लोक गेलेल्या माणसाला आठवून रडतात. मलाही यायला हवं होतं रडू. आमच्या शाळेतल्या बाया फोनवर म्हणाल्या, निर्मलाताई, मोकळ्या व्हा, रडून घ्या. पण मला रडू नाही येत वहिनी, मला लाज वाटते. काल संध्याकाळपासून नुसती लाज वाटतेय. बसमध्ये शेजारची बाई सहज म्हणाली, "कुठून येऊन राह्यल्या ताई?" तर मी खिडकीकडं तोंड केलं. तिला काय ठाऊक होतं माझं? पण वाटलं, हिलाही ठाऊक असेल.

मी सातवीत होते तेव्हा तू आमच्या घरात आलीस. आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. माझ्या दोन वेण्या तू घालायचीस, आणि घालता घालता तुझ्या शिव्या चालू. केसातल्या गुंत्याला शिवी, फणीला शिवी, दारात आलेल्या शेळीला, गेलेल्या लाइटीला, न लागणाऱ्या स्टोव्हला. "मुडदा बशिवला या फणीचा" म्हणायचीस आणि फणी मात्र इतकी हलकी फिरवायचीस की मला झोप यायची. तुझ्या शिवीत राग नसायचाच. भाजीत मीठ असतं तशी ती बोलण्यात असायची. घरी आलेल्या माणसाला तू "ये बापा, बस" इतक्याच सहज "कुठं मेला होता रे इतके दिवस" म्हणायचीस आणि तो माणूस खूश होऊन बसायचा.

फक्त एका माणसाला कधी काही बोलली नाहीस. दादाला. शिवी तर सोडाच, त्याचं नावसुद्धा तुझ्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. "हे", "राजेशचे बाबा", नाहीतर नुसतं "अहो". गावात भजन संपताना सगळे मिळून पुंडलिक वरदा म्हणायचे, तेव्हा पहिल्या शब्दाला तू तोंड घट्ट मिटून घ्यायचीस आणि वरदापासून सुरू व्हायचीस. मी तुला चिडवायचे, "वहिनी, देवाच्या दारात तरी म्हण की." तू डोळे मोठे करायचीस. "नवऱ्याचं नाव हाय ते. चावट कुठली."

म्हणून तर त्या दिवशी सगळं गाव अवाक झालं.

तू आत होतीस. वर काय चाललं होतं ते तू पाहिलं नाहीस, आणि कुणी तुला धड सांगितलंही नाही. मी सांगते. मी सांगायलाच हवं.

वडनेर भोलजीच्या पुढं आमचं गाव, जुन्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या गावठाणाच्या उंचवट्यावर. जुन्या घरांच्या खाली पेवं. आता पोरांना पेव म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं: ज्वारी साठवायला जमिनीत खोल खणलेली जागा, तोंड अरुंद, पोट मोठं. पूर्वी पेव उघडलं की आधी कंदील सोडायचे, तो विझला तर माणूस उतरायचा नाही, इतकी आतली हवा वाईट. आमच्या मागच्या पडवीखाली असं एक पेव होतं. स्लॅबचं घर बांधताना दादानं ते बुजवलं. म्हणजे बुजवलं असं तो म्हणायचा. तू दर पावसाळ्याआधी विचारायचीस, "अहो, ते पेव नीट बुजवलं ना खालपासून?" आणि तो पेपरातून मान वर न काढता म्हणायचा, "बुजवलं वो, कितीदा सांगू?" त्यानं काय केलं होतं? तोंडावर दोन जुने पत्रे टाकले, वर मुरूम पसरला, वर शहाबादी फरशी. खाली पोट तसंच रिकामं. इतकी वर्षं तू त्या रिकाम्या पोटावर बसून भांडी घासलीस.

भादव्यातली झड लागली होती. पाणी मुरत होतं. सकाळी तू पडवीत भांडी घेऊन बसलीस आणि फरशीसकट खाली गेलीस. बाजूची माती घसरून तोंड बंद झालं. दादा आवाज ऐकून धावत आला तर पडवीत फक्त चिखल, आणि चिखलावर एक पातेलं.

मला शाळेत फोन आला. मी मिळेल त्या गाडीनं घाट उतरून आले तेव्हा दुपार झाली होती. आमच्या दारापासून मारुतीच्या पारापर्यंत माणसंच माणसं. तहसीलदार, पोलीस, एक चॅनेलवाला. जेसीबी आणला होता, पण तो लांब उभा करून ठेवला होता, कारण त्याच्या धक्क्यानं वरची माती तुझ्या अंगावर बसली असती. शेवटी असं ठरलं की उंचवट्याखालच्या बोळीतून, हातानं, आडवं खणत तुझ्यापर्यंत जायचं. आणि कुणीतरी डोकं चालवून स्प्रिंकलरचा पाईप वरच्या सैल मातीतून हळूहळू खाली सारला होता, हवेसाठी. तो नेमका तुझ्याजवळ निघाला.

त्या पायपातून तुझा आवाज येत होता. आणि काय आवाज!

"अबे पुंडल्या! भयताडा! हेच बुजवलं का बे तू पेव? तुह्या हाताले किडे पडो! पेपर वाचत होता मोठा! पुंडल्या, आयकून राह्यला का?"

पुढचं मी लिहीत नाही. पुढचं जे होतं ते मला आजही लिहवत नाही, बघ, अजूनही माझी खोड गेली नाही. माणसं तोंडावर हात ठेवून हसत होती. बाया पदरात तोंड खुपसून हसत होत्या. हसता हसता डोळे पुसत होत्या. चॅनेलवाल्यानं माइक पायपाच्या तोंडाला लावला होता. आणि आमचा दादा, तुझा पुंडलिक, चिखलात मान खाली घालून उभा होता.

मला तेव्हा काय वाटायला हवं होतं? तू जिवंत आहेस, तुझा आवाज खणखणीत आहे, याचा आनंद व्हायला हवा होता की नाही? नाही झाला. माझे कान तापले. माझ्या डोळ्यांसमोर आमची स्टाफरूम आली. संध्याकाळी हे टीव्हीवर येणार, उद्या सगळे बघणार, आणि मी, शाळेत पोरांना प्रमाण भाषा शिकवणारी, मी त्या घरची. मी गर्दीतून वाट काढत गेले, चिखलात गुडघे टेकले, पायपाला तोंड लावलं आणि म्हणाले, "वहिनी, मी निमा. हळू बोल ना. लोक ऐकून राह्यले."

जमिनीखाली गाडल्या गेलेल्या माणसाशी मी बोललेले हे पहिले शब्द. कशी आहेस नाही, लागलं का नाही, घाबरू नको नाही. हळू बोल.

तू गप्प झालीस.

मला वाटलं, बरं झालं. खरं सांगते, एक क्षण वाटलं, चला, ऐकलं हिनं. मग बोळीतून खणणारे ओरडायला लागले, "बोलत का नाही ते? बोलवा तिले!" तेव्हा मला समजलं की शिव्यांच्या मधून मधून तू त्यांना वाट सांगत होतीस. पावड्याचा आवाज कोणत्या बाजूनं येतो, वरून येतो की खालून, ते तुलाच आत कळत होतं. "अरे मुडद्याहो, डोक्यावर येऊन राह्यले तुमी, खाली घ्या" असं तू म्हणालीस की ते खाली घेत होते. तुझा आवाज थांबला आणि त्यांचे हात थांबले. वाकडं खणलं तर पेवाचं छत खाली. आणि तू बोलेना. सगळ्यांच्या मनात आतल्या हवेचं आलं. हसणं केव्हाच बंद झालं होतं.

दादानं मला खांद्याला धरून बाजूला केलं. ढकललंच म्हण. आणि तो, पांढरं धोतर नेसलेला माणूस, पालथा चिखलात झोपला. "अवं बोल वो. दे शिव्या मले. घे माहं नाव, पाहिजे तितक्यांदा घे. पुंडल्या म्हण. म्हण ना वो!" सगळ्या गावादेखत. कुणी हसलं नाही. मी तिथून मागं सरकले. माझ्याकडं कुणी बघतंय असं मला वाटत होतं, आणि खरं तर कुणीच बघत नव्हतं. मी शेजारी चंद्रभागाकाकूंच्या घरात जाऊन बसले.

थोड्या वेळानं तिथं बसूनच ऐकलं, "पुंडल्या!" आणि बाहेर लोकांनी केवढा गलका केला. पावडी पुन्हा चालू झाली.

दिवस मावळायच्या आत तुला बोळीतून बाहेर काढलं. अंगभर माती, एक पाय लुळा, आणि तू बाहेर आल्या आल्या आधी पदर डोक्यावर घेतलास. दादा समोर उभा होता. त्याला म्हणालीस, "अहो, जेवले का तुमी?" त्यानंतर त्याचं नाव तुझ्या तोंडून पुन्हा कधीच आलं नाही. भजनात पुन्हा पहिला शब्द गिळायला लागलीस.

चॅनेलनं ते दाखवलंच. मधे मधे टूं टूं करून, पण ज्यांना कळायचं त्यांना कळलं. नातेवाइकांचे फोन आले. जीव वाचला याचे कमी, शिव्यांचे जास्त. मी सगळ्यांना सांगत सुटले, "ती घाबरली होती हो, भानावर नव्हती, बडबडत होती." तू माझ्यासमोर हे ऐकलंस आणि एकदाच म्हणालीस, "मी चांगली भानावर होतो निमे. शिव्या देल्या म्हणून तं जिती हाये. चूप बसली असती तं तिथंच निजली असती." मी म्हटलं, "अगं हो, पण असं बोलून दाखवायचं नसतं." हा आपला वाद. तो कधी संपलाच नाही. दर दिवाळीला निघायचा आणि चकल्यांच्या घाण्यात कुठंतरी अर्धाच राहायचा.

मग ते सिनेमावाले आले. आले ते आधी तुझ्याकडं. तू त्यांना चहा दिलास आणि म्हणालीस, "मले काय सांगता येते? बुलढाण्याले माही नणंद हाये, मास्तरीण हाये, तिले इचारा. ते नीट सांगन." तुझ्या त्या भरवशावर तो लेखक माझ्या याच खोलीत, याच खुर्चीवर येऊन बसला. चांगला मुलगा होता. मन लावून ऐकायचा. मी त्याला पेव समजावलं, झड, पाईप, बोळीतून खणणं, सगळं सांगितलं. शिव्या गाळल्या. तू देवाचा धावा करत होतीस असं सांगितलं. आणि त्यानं विचारलं, "मॅडम, तुम्ही आलात तेव्हा पाईपमधून पहिलं वाक्य काय बोललात?"

मी म्हटलं, "म्हटलं, वहिनी, बोलत राहा. थांबू नकोस."

किती सहज आलं तोंडातून! तो म्हणाला, "वा." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही आलं. स्वतःच्या खोटेपणावर स्वतःच रडणारी मी एकटीच असेन.

पिक्चर लागला तेव्हा मी तुला बुलढाण्याला बोलावलं. घाटात तुला मळमळलं, तरी उतरल्या उतरल्या म्हणालीस, "चाल, आधी पिक्चर." पडद्यावर आमचं पेव राहिलं नव्हतं. किल्ल्याखालचं भुयार झालं होतं. त्यात स्फोट, त्यात पाणी भरणं, छतातून दगड, हेलिकॉप्टर. पाणी चढायला लागलं तशी तू माझ्या कानाशी आलीस, "पेवात कुठून आलं वो पाणी? असतं तं मी पेली नसती का? घशाले कोरड पडली होती माह्या." मागच्या रांगेतला माणूस शुक् म्हणाला. तू मागं वळून त्याला काहीतरी सांगितलंस, मग तो गप्प बसला.

आणि मग तो प्रसंग आला. पडद्यावरची वहिनी अंधारात हात जोडून रडतेय, "अहो, मला वाचवा" म्हणतेय. आणि वर नणंद. पायपाला तोंड लावून, पावसात भिजत, "वहिनी, बोलत राहा! मी इथं आहे! थांबू नकोस!" थिएटरात बाया हुंदके देत होत्या. तू अंधारात माझ्याकडं वळून बघितलंस. मी पडद्याकडंच बघत राहिले, मान आखडली माझी. तू पिशवीतून शेंगदाण्याचा पुडा काढलास, माझ्या मांडीवर ठेवलास आणि म्हणालीस, "चांगली दिसते वो तुही हिरोईन."

एवढंच. त्यात टोमणा होता का, हे मी पुष्कळदा घोळवून पाहिलंय. तुझा टोमणा मला ओळखू येतो. तो नव्हता.

बसस्टँडवर तू म्हणालीस, "एक गोष्ट नाही पटली मले." वाटलं, आता बोलते ही. चांगलं बोल, वहिनी, घाल चार शिव्या, मी मोकळी होते. तर तू म्हणतेस काय, "त्या बाईनं एकबी शिवी देली नाही. मंग ते जिती कशी राह्यली?" मी म्हटलं, "अगं, सेन्सॉर असतं." तू म्हणालीस, "असो की. पण लोकाईले समजाले पाहिजे ना, रडून काही होत नाही म्हणून. उद्या दुसरी कोणी पडली तं रडतच बसन." मी काही बोलणार तेवढ्यात नांदुऱ्याची गाडी लागली आणि तू चढलीस. तुला एवढंच हवं होतं. ते पिक्चरमधे असावं, की तू रडली नाहीस. आणि ते मी काढून टाकलं होतं.

शाळेनं माझा सत्कार केला. हो, ते तर सांगायलाच नको, तू होतीस. शाल, श्रीफळ, "सिनेमातल्या धीरोदात्त नणंदेमागची खरी प्रेरणा." तू पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्यास. गावाकडच्या चार बायाही आणल्या होत्यास, चंद्रभागाकाकूंसकट. त्याही टाळ्या वाजवत होत्या. मी तेव्हा मनात म्हटलं, यांच्या लक्षात नाही वाटतं. किती वर्षं झाली, विसरल्या असतील. माणूस स्वतःची समजूत किती स्वस्तात घालतो!

मागच्या महिन्यात तुझा फोन आला. "निमे, ये इकडं. तुह्याशी भांडाचं हाये." मी म्हटलं, पेपर तपासायचेत, सुट्टीत येते. "ये मंग. भांडण काही शिळं होत नाही." आणि हसलीस. काय भांडायचं होतं, वहिनी? तेच होतं का? की नुसती तुरीच्या डाळीवरून कटकट होती? सुट्टी लागायच्या आधीच राजेशचा फोन आला आणि मी तुझं बंद तोंड बघायला आले. तुझं तोंड बंद असलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. झोपेतही तू पुटपुटायचीस.

काल तेरवीला राजेशनं संध्याकाळी भिंतीवर पांढरी चादर लावून तो पिक्चर लावला. तुझा मुलगा आहे, त्याला वाटलं, आईवरचा पिक्चर, सगळ्यांनी बघावा. बिचाऱ्याचं काही चुकलं नाही. मी पुढं बसले होते. बाया माझ्या मागं सतरंजीवर. तो प्रसंग आला. पडद्यावरची नणंद ओरडली, "वहिनी, बोलत राहा!" आणि माझ्या पाठीमागं चंद्रभागाकाकू, त्यांना आता कमी ऐकू येतं म्हणून मोठ्यानं, म्हणाल्या, "बाप्पा! असं कुठं म्हणली होती वो ते? ते तं तिले चूप बस म्हणली होती."

"श्शू! चूप बसा काकू," कुणीतरी म्हणालं. "शकुंतलानं शपथ घातली हाये ना!"

तुझं नाव ऐकून मी वळले. सगळ्या बाया चादरीकडं बघत होत्या. इतक्या मन लावून की कुणाची पापणी लवेना.

मी उठून काकूंच्या जवळ जाऊन बसले. म्हटलं, "काकू, कसली शपथ?" त्यांनी आधी आढेवेढे घेतले. मग म्हणाल्या, "आता ते गेली, आता काय. निमाबाई, तुह्या त्या शालीच्या कार्यक्रमाच्या आधी ते दारोदार फिरली. गिरणीवर बोलली, हळदीकुंकवाले बोलली. म्हणे, पिक्चरमधे काही दाखवो, निमाले कोणी बोलून दाखवाचं नाही. तिले शाळेत तोंड दाखवाचं हाये. आणि म्हणे, तोंडातून निघालं तं पाहा, माह्या शिव्या ऐकल्या हायेत तुमी." काकू हसल्या. त्यांना तुझी आठवण येऊन हसू आलं होतं, मला बोचावं म्हणून नाही. "कोणाची छाती होते बाप्पा मंग बोलाची?"

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. टाळ्या वाजवणाऱ्या त्या चौघींनाही. मी तुला एकदा गप्प केलं, आणि तू माझ्यासाठी अख्खं गाव गप्प केलंस. मी दर वेळी गावाला यायचे, पारापाशी उतरायचे, "मास्तरीणबाई, बऱ्या हाय ना?" म्हणून लोक विचारायचे, आणि मी मान हलवत पुढं जायचे. ते सगळे जाणून बुजून विचारत होते. तुझ्या धाकानं आणि तुझ्या मायेनं.

मी राजेशला म्हटलं, "बंद कर ते."

"आत्या, अजून तुमचाच सीन आहे."

"म्हणूनच म्हणते, बंद कर."

त्यानं बंद केलं. अंगणात बल्बाचा उजेड राहिला. दादा खाटेवर बसला होता, दाढी वाढलेली, हातात काही नाही. मी त्याच्या पायाशी बसले. "दादा, मी तिला त्या दिवशी…" इतकंच म्हटलं. तो म्हणाला, "माहीत हाये. म्या तिथंच होतो."

बाया उठल्या नाहीत. आणि दादा, जो तू गेल्यापासून कुणाशी धड बोलला नव्हता, तो आपणहून सांगायला लागला.

"तू बाजूले सरकली ना पायपापासून, तवा म्या कान लावला. म्हटलं, गेली आता ही. तं लय हळू आवाज आला. म्हणे, 'निमा गेली का?' म्या म्हटलं, हो, तिथं भिताडापाशी उभी हाये. तं म्हणे, 'तिथं नोको. आजून दूर धाडा तिले. काकूच्या घरात न्या म्हणा कोणी, चहापाणी द्या. तिले नाही सोसत असं बोलणं. ते गेली का मंग बोलतो मी.' म्या म्हटलं, अवं, तुह्यावर काय बेतलं हाये, बोल ना! तं म्हणे, 'माती पडून राह्यली वरून. पण तुमी आधी तिले धाडा.' मंग म्या काकूच्या सुनेले खूण केली."

वहिनी, मला वाटत होतं तू रागावून गप्प बसलीस. इतकी वर्षं तेच धरून बसले होते मी, आणि त्याचीच लाज बाळगत होते. तू रागावली असतीस तर किती बरं झालं असतं! तू वाट बघत होतीस. वरून माती पडत असताना, आतली हवा संपत असताना, मी तिथून हलायची तू वाट बघत होतीस, म्हणजे मला ऐकावं लागू नये.

आणि मी हलले. काकूंची सून आली, माझ्या हाताला धरून म्हणाली, "चाला ताई, घोटभर चहा घ्या, थकल्या असान." मी तिच्या मागं गेले. खुर्ची दिली तिनं, बसले. कपबशी हातात दिली. बाहेर दादा चिखलात पालथा पडून तुला हाका मारत होता, आणि वहिनी, मी तो चहा पूर्ण प्याले. साखर कमी आहे, असंही म्हणाले.